आठवतं कुणाला आणि आठवतो कोण

२१ मार्च १९७३ रोजी व्हाइट हाउसच्या ओव्हल ऑफिसात तीन माणसं खलबत करत होती. राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन, त्यांचे वकील जॉन डीन आणि कार्यालयप्रमुख एच. आर. हाल्डमन. वॉटरगेटचं प्रकरण गळ्याशी आलं होतं आणि शपथेवर साक्ष द्यायची वेळ आली तर काय, याचा घोर तिघांनाही होता. खोटं बोलावं तर खोट्या साक्षीचा गुन्हा, खरं बोलावं तर घरच बुडणार. निक्सन यांनी वाट काढून दिली. मला आठवत नाही, असं म्हणता येतं की, असं त्यांनी सुचवलं. गंमत अशी, की हे सगळं निक्सन यांनीच बसवून घेतलेल्या ध्वनिमुद्रण यंत्रावर टिपलं जात होतं.

सल्ला वकिली डोक्याचा होता. ‘मी त्या दिवशी मायामीत होतो’ हे वाक्य खोटं पाडायला विमानाचं तिकीट पुरतं. ‘मला आठवत नाही’ हे खोटं पाडायला साक्षीदाराच्या डोक्यात शिरावं लागतं. मात्र हे कवच अभेद्य नाही. हाल्डमन यांना १ जानेवारी १९७५ रोजी ज्या गुन्ह्यांसाठी दोषी ठरवलं गेलं, त्यांत खोटी साक्षही होती. तरी त्या वाक्याची लोकप्रियता घटलेली नाही. एप्रिल २००७ मध्ये अमेरिकेचे तत्कालीन अ‍ॅटर्नी जनरल आल्बेर्तो गोन्झालेस सिनेटच्या समितीपुढे बसले, तेव्हा ‘आठवत नाही’ या अर्थाची वाक्यं त्यांच्या तोंडून साठहून अधिक वेळा आली. वर्षभरातच त्यांचं पद गेलं.

‘रिमेंबर’च्या नकाराला एवढं मोल येतं, कारण त्याच्या होकारात फार मोठी हमी भरलेली आहे.

इंग्रजीत एखादी बाई म्हणाली, ‘आय थिंक इट रेन्ड दॅट डे’, तर तिनं फक्त आपला समज सांगितला. पाऊस पडला नसला तरी तिचं वाक्य खोटं ठरत नाही, तिचा समज चुकीचा ठरतो. तीच बाई ‘आय रिमेंबर दॅट इट रेन्ड’ म्हणाली, की तिनं एका दमात दोन गोष्टींची ग्वाही दिली: पाऊस पडला होता, आणि तो आपल्या मनात टिकून आहे. पाऊस पडलाच नव्हता असं सिद्ध झालं, तर इंग्रज माणूस म्हणेल, तिला ‘आठवत’ नव्हतंच, तिला तसं वाटत होतं. जे घडलंच नाही ते ‘रिमेंबर’ करता येत नाही. याहून मजेची गोष्ट नकाराची. ‘शी डझन्ट रिमेंबर दॅट शी पेड’ या वाक्यात नकार आठवणीला लागतो, पैसे दिल्याला नाही. पैसे दिलेलेच आहेत, फक्त बाई विसरली आहे. अशा क्रियापदांना भाषाशास्त्रज्ञ ‘फॅक्टिव्ह’ म्हणतात. पॉल आणि कॅरल किपार्स्की यांनी १९७० साली ‘फॅक्ट’ याच नावाच्या निबंधातून त्यांची व्यवस्थित मांडणी केली, आणि तेव्हापासून ती भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या पाचवीला पुजली आहेत.

बनेल वकील याचा वापर प्रश्नातच करून घेतात. ‘तुम्ही दार उघडं ठेवल्याचं तुम्हाला आठवतं का?’ साक्षीदार हो म्हणाला तर फसला, आणि नाही म्हणाला तरी दार उघडं ठेवल्याचं बोलण्याच्या ओघात कबूल झालेलंच असतं.

मग आठवण चुकीची असली तर तिला म्हणायचं काय? इंग्रजीनं त्यासाठी ‘मिसरिमेंबर’ हे वेगळं क्रियापद ठेवलं आहे. २००८ साली रॉजर क्लेमेन्स या नामांकित बेसबॉलपटूनं अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे आपल्या जुन्या सहकाऱ्याबद्दल हा शब्द वापरला. मित्राला खोटारडा म्हणायचं नव्हतं आणि त्याचं म्हणणं मान्यही करायचं नव्हतं. शब्द बनावट आहे म्हणून लोकांनी क्लेमेन्सची टर उडवली. टर उडवणाऱ्यांनी शब्दकोश उघडला नसावा. हा शब्द इंग्रजीत सोळाव्या शतकापासून आहे.

*

शाळेत इंग्रजी व्याकरण शिकताना या क्रियापदाची जी बाजू मुलांना सर्वांत छळते, तीच खरं तर सर्वांत सुंदर आहे. ‘रिमेंबर’च्या मागे ‘टु’ आलं तर एक अर्थ, ‘-इंग’ आलं तर दुसरा. ‘ही रिमेंबर्ड लॉकिंग द डोअर’ म्हणजे कुलूप लावल्याचं त्याला आठवत होतं. ‘ही रिमेंबर्ड टु लॉक द डोअर’ म्हणजे त्यानं आठवणीनं कुलूप लावलं. पहिल्यात कुलूप आधी लागलं, आठवण मागून आली. दुसऱ्यात आठवण आधी झाली, मग हात कुलपाकडे गेला.

गाइडमध्ये हा नियम ‘इंग म्हणजे भूतकाळ, टु म्हणजे भविष्यकाळ’ असा एका ओळीत उरकलेला असतो. तो चुकीचा नाही, पण त्यातली खरी मेख त्यात येत नाही. ती १९७१ साली लाउरी कार्टुनेन यांनी ‘लँग्वेज’ या नियतकालिकातल्या निबंधात दाखवली. ‘रिमेंबर टु’ या रचनेत नुसती आठवण नसते, कृतीही असते. ‘ही रिमेंबर्ड टु लॉक द डोअर, बट ही डिडन्ट लॉक इट’ असं म्हटलं, तर ऐकणारा बुचकळ्यात पडेल. आठवण झाली पण कुलूप लावलं नाही, असं मराठीत खुशाल म्हणता येतं. ‘आठवणीनं कुलूप लावलं पण लावलं नाही’ असं मात्र कोणी म्हणत नाही. नकारातही तेच. ‘ही डिडन्ट रिमेंबर टु लॉक द डोअर’ म्हणजे कुलूप लागलेलंच नाही. त्याउलट ‘ही डझन्ट रिमेंबर लॉकिंग द डोअर’ म्हणणारा माणूस घरी जाऊन पाहील, तर कुलूप बहुधा जागच्या जागी लटकत असेल. दोन वाक्यांत क्रियापद एकच आणि नकारही तोच, पण एका घरात चोर शिरू शकतो.

मराठीनं हे काम दोन वेगळ्या जागी वाटून दिलं आहे. मागचं आठवायचं तर ‘आठवतं’ हे क्रियापद, आणि पुढचं विसरायचं नसेल तर ‘आठवणीनं’ किंवा ‘लक्षात ठेवून’. ‘आठवणीनं औषध घे’, ‘पोचलास की आठवणीनं फोन कर’ असं घरोघर बोललं जातं. या ‘आठवणीनं’ला नेमका इंग्रजी प्रतिशब्द शोधत बसणारे ‘केअरफुली’पाशी अडकतात. खरं तर ते काम ‘रिमेंबर टु’ चोख करतं. ‘रिमेंबर टु टेक युवर मेडिसिन.’

मानसशास्त्रानंही पुढे हीच वाटणी केली. मागचं आठवणं वेगळं आणि ठरलेली गोष्ट ठरल्या वेळी करायचं आठवणं वेगळं. गाइल्स आइनस्टाइन आणि मार्क मॅक्डॅनियल यांनी १९९० पासून या दुसऱ्या प्रकारावर प्रयोगशाळेत पद्धतशीर काम केलं. या स्मृतीची खोड अशी, की तिला कोणी प्रश्न विचारत नाही. परीक्षेत प्रश्नपत्रिका समोर असते. गॅस बंद करायचा असतो तेव्हा समोर काहीच नसतं. ज्यानं विचारायचं आणि ज्यानं उत्तर द्यायचं, तो माणूस एकच, आणि तो नेमका दुसऱ्या कामात असतो.

३० ऑक्टोबर १९३५ रोजी ओहायोतल्या राइट फील्ड विमानतळावरून बोइंगचं नवं चार इंजिनांचं विमान, मॉडेल २९९, चाचणीसाठी उडालं. चालवणारे मेजर प्लॉयर हिल हे लष्कराचे अनुभवी वैमानिक होते. विमान जमिनीवर उभं असताना वाऱ्यानं त्याचे हलते भाग आपटू नयेत म्हणून ते अडकवून ठेवलेले असतात. उड्डाणाआधी ही अडकण काढायची असते. ती काढायची राहिली. विमान चढलं, तोल जाऊन कोसळलं, आणि हिल यांच्यासह दोघांचा जीव गेला. विमान कसं चालवायचं हे हिल यांना आठवत नव्हतं, असं कोण म्हणेल? त्यांच्याइतकं ते फार थोड्यांना ठाऊक होतं. राहिलं ते ‘रिमेंबर टु’. लष्करानं यावर उपाय काढला तो कागदाचा: उड्डाणापूर्वी वाचून टिकमार्क करायची यादी. आज जगभरच्या वैमानिकांच्या हातात असणारी चेकलिस्ट त्या अपघातातून रुळली, आणि ते विमान पुढे बी-१७ या नावानं दुसऱ्या महायुद्धात हजारोंच्या संख्येनं उडालं.

पण यादी वाचायचीही आठवण राहावी लागते. १६ ऑगस्ट १९८७ रोजी डेट्रॉइटहून निघालेलं नॉर्थवेस्टचं २५५ क्रमांकाचं विमान पंखांचे फ्लॅप न उघडताच धावपट्टीवरून उठलं आणि लगेच कोसळलं. जमिनीवरचे दोघे धरून १५६ माणसं गेली. विमानातली एक चार वर्षांची मुलगी तेवढी वाचली. चौकशी मंडळाचा निष्कर्ष असा, की धावपट्टीकडे जाताना वाचायची यादी वैमानिकांनी वाचलीच नव्हती, आणि इशारा देणाऱ्या यंत्रणेला वीज मिळत नव्हती. नासाचे मानसशास्त्रज्ञ की डिस्म्यूक्स यांनी नंतर कॉकपिटमधल्या अशा विसरण्याचा बारकाईनं अभ्यास केला. त्यांच्या कामातून पुन्हा पुन्हा दिसतं ते हे, की अनुभवी माणूस विसरतो तेव्हा बहुधा कोणीतरी मध्येच बोललेलं असतं, क्रम बदललेला असतो किंवा एखादी पायरी पुढे ढकललेली असते.

*

मराठी माणूस ‘रिमेंबर’पाशी अडखळतो याचं एक कारण त्याच्या व्याकरणात खोल बसलेलं आहे. ‘मला ते घर आठवतं, ती विहीर आठवते, ते दिवस आठवतात.’ इथे क्रियापद आठवणाऱ्याकडे ढुंकूनही पाहत नाही. ते बदलतं घर, विहीर आणि दिवस यांच्या तालावर. आठवणारा चतुर्थीत, बाजूला, पाहुण्यासारखा बसलेला असतो. ‘मी तिला आठवतो’ या वाक्यात आठवण होते ती तिला. तिच्या मनात डोकावणारा ‘मी’ मात्र प्रथमेत ऐटीत उभा. इंग्रजीत हे चित्र उलटं: ‘आय रिमेंबर द हाउस.’ आठवणारा गादीवर आणि घर त्याच्या ताब्यात.

यावरून मराठी मन आठवणींपुढे हात जोडतं आणि इंग्रजी मन त्यांच्यावर हुकमत गाजवतं, असला सिद्धांत काढायचा मोह होतो. तो आवरलेला बरा, कारण इंग्रजीही एके काळी मराठीसारखीच बोलत होती. चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसरनं ‘कँटरबरी टेल्स’ लिहिली. त्यातली बाथ गावची बाई आपल्या तरुणपणाबद्दल बोलते तेव्हा ‘रिमेंबर’ हे क्रियापद थेट ‘मला आठवतं’च्या साच्यात येतं. आठवणारी बाई कर्माच्या जागी आणि कर्त्याच्या जागी एक निराकार ‘इट’. ‘मला वाटतं’ आणि ‘मला आवडतं’ यांचे इंग्रजी अवतारही तसेच होते. त्यांतलं ‘मीथिंक्स’ शेक्सपिअरपर्यंत तगलं. इंग्रजीतले विभक्तिप्रत्यय झिजत गेले, क्रियापदाच्या आधी जे नाम येईल तोच कर्ता अशी शिस्त पक्की झाली, आणि ‘मला’चा ‘मी’ झाला. यात मनापेक्षा प्रत्ययांचाच हात जास्त आहे.

फ्रेंचनंही जवळपास हाच प्रवास केला. ‘मला आठवतं’ या धर्तीच्या जुन्या रचनेवरून ती ‘ज्य म सुव्हिएँ’, म्हणजे ‘मी आठवतो’वर आली. हेच तीन शब्द कॅनडातल्या क्यूबेक प्रांताचं ब्रीद आहे आणि १९७८ पासून तिथल्या मोटारींच्या पाट्यांवर छापलेलं असतं. काय आठवतो, ते मात्र पाटीवर नाही. त्यावरून तिथे अधूनमधून वाद झडतात.

‘रिमेंबर’ हा शब्दही फ्रेंचांकडूनच इंग्रजीत आला. लॅटिनमध्ये ‘मेमोर’ म्हणजे ज्याला स्मरण आहे तो. त्यावरून ‘रेमेमोरारी’, त्याचं जुन्या फ्रेंचमध्ये ‘रेमेंब्रेर’. लॅटिनमध्ये नसलेला ‘ब’ मध्येच घुसला कुठून? ‘म’ आणि ‘र’ शेजारी आले की जीभ अडखळते आणि दोहोंमध्ये ‘ब’ची पायरी टाकून देते. ‘कॅमेरा’चं ‘चेंबर’ झालं, ‘न्युमेरुस’चं ‘नंबर’ झालं, ते असंच. मराठी वाचकाला हे नवलाचं वाटायचं कारण नाही. संस्कृत ‘आम्र’चा आंबा आणि ‘ताम्र’चं तांबं याच वाटेनं झालं. प्राकृत बोलणाऱ्या जिभेनं तोच ‘ब’ घातला आणि पुढे ‘र’ गाळून टाकला.

मूळ आणखी मागे गेलं तर नातं अधिक जवळचं निघतं. ‘मेमोर’ हा शब्द आणि संस्कृतातला ‘स्मृ’ हा धातू एकाच आदिम इंडो-युरोपीय मुळातून आले, असं बहुतेक व्युत्पत्तिकार मानतात. म्हणजे ‘रिमेंबर’ आणि ‘स्मरण’ ही लांबची चुलत भावंडं. संस्कृत कवींनी मदनाला ‘स्मर’ हे नाव दिलं, ते याच घराण्यातलं.

स्वयंविकासाच्या पुस्तकांत आणि प्रवचनांत मात्र वेगळीच व्युत्पत्ती फिरते: ‘मेंबर’ म्हणजे अवयव, म्हणून ‘रि-मेंबर’ म्हणजे विखुरलेले अवयव पुन्हा जोडणं. ऐकायला छान आहे, पण खोटी आहे. अवयव या अर्थाचा ‘मेंबर’ लॅटिन ‘मेंब्रुम’पासून आला. त्याचा स्मृतीशी संबंध नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर ही व्युत्पत्ती आणखी बराच काळ फिरत राहील यात शंका नाही.

इंग्रजांकडे फ्रेंच शब्द येण्याआधी स्वतःचं काहीच नव्हतं, असंही नाही. आज ज्याचा अर्थ ‘मन’ असा सांगतात, तो ‘माइंड’ हा शब्द मुळात स्मरणाच्या अर्थाचाही होता. स्कॉटलंडमध्ये आजही ‘डु यू माइंड’ म्हणजे ‘तुला आठवतं का’ असा अर्थ होतो. लंडनचा माणूस तिथे पहिल्यांदा गेला की गोंधळतो. सतराव्या शतकात याच ‘माइंड’ला ‘रि’ लावून ‘रिमाइंड’ घडलं. मराठी बोलणाऱ्यांची सर्वाधिक चूक होते ती इथे. ‘आठवण होणं’ आणि ‘आठवण करून देणं’ यांत मूळ शब्द एकच असल्यामुळे ‘प्लीज रिमेंबर मी टु कॉल हिम’ असं वाक्य तोंडातून निघून जातं. तिथे ‘रिमाइंड’ हवं. कचेरीतलं स्मरणपत्र ‘रिमाइंडर’ असतं, ‘रिमेंबरर’ नव्हे. दुसरी चूक माहेरच्या बोलीतून येते. ‘तुझी फार आठवण येते’ याचं ‘आय अ‍ॅम रिमेंबरिंग यू अ लॉट’ होतं. इंग्रजी कान ते ऐकून चमकतो, एक तर ‘रिमेंबर’ सहसा चालू वर्तमानकाळात येत नाही म्हणून, आणि दुसरं म्हणजे त्यात विरहाचा मागमूस नसतो म्हणून. ती हुरहुर ‘आय मिस यू’मध्ये असते. तरी हे ‘रिमेंबरिंग’ पुण्यापासून चेन्नईपर्यंत इतकं रुळलं आहे, की भारतीय इंग्रजीचं ते एक ओळखचिन्हच मानलं जातं. त्याला अशुद्ध म्हणून झोडपायचं की बोलीचा हक्क म्हणून सोडून द्यायचं, हे ज्यानं त्यानं ठरवावं. परीक्षक बहुधा झोडपतात.

‘रिमेंबर मी टु युवर मदर’ हे वाक्य मात्र शुद्ध आहे, आणि त्याचा आठवण करून देण्याशी संबंध नाही. निरोप घेताना म्हणायचं जुन्या वळणाचं वाक्य आहे ते: आईंना म्हणावं, आम्ही आठवण काढली होती. ज्या भाषेत उचकी लागली की कोणीतरी आठवण काढतंय असं म्हणतात, तिला हे समजावून सांगावं लागत नाही. मृत्युपत्रातही हे क्रियापद येतं. काकांनी पुतण्याला ‘रिमेंबर’ केलं म्हणजे त्याच्या नावावर काही ठेवलं.

*

आज्ञार्थात हे क्रियापद एकदम उग्र होतं. ३० जानेवारी १६४९ रोजी लंडनच्या व्हाइटहॉलमध्ये इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स वधस्तंभावर चढला. शेजारी बिशप विल्यम जक्सन उभे होते. राजानं आपल्या सरदारकीचं पदक त्यांच्या हाती दिलं आणि एकच शब्द उच्चारला: ‘रिमेंबर.’ काही क्षणांनी कुऱ्हाड पडली. काय लक्षात ठेवायचं, ते राजा बोलला नाही. बिशपना कळलं असेल, इतरांना नाही. पदक मुलाकडे पोचवायचं, सूड घ्यायचा की क्षमा करायची, यावर लोकांनी तेव्हापासून तर्क लढवले.

तोवर इंग्लंडला सरकारी आज्ञेनं आठवण ठेवायची सवय लागून चुकली होती. १६०५ च्या ५ नोव्हेंबरला पार्लमेंट सुरुंगानं उडवण्याचा कट फसला. त्याबद्दल दर वर्षी त्या दिवशी चर्चमध्ये आभारप्रार्थना झालीच पाहिजे, असा कायदा पार्लमेंटनं केला. तो १८५९ मध्ये रद्द झाला. शेकोट्या आणि फटाके आजही चालू आहेत, आणि त्या दिवसाचं बालगीत ज्या शब्दानं सुरू होतं तो शब्द सांगायची गरज नाही.

अमेरिकनांनी या आज्ञार्थाला युद्धघोष बनवलं. ६ मार्च १८३६ रोजी टेक्ससमधली अलामोची गढी मेक्सिकन सैन्यानं घेतली आणि आतले लढवय्ये कापून काढले. त्यानंतर दीड महिन्यानं, २१ एप्रिलला, सॅन हासिन्तोच्या लढाईत टेक्ससची फौज ‘रिमेंबर द अलामो’ अशी आरोळी ठोकत तुटून पडली आणि जिंकली. १८९८ साली हवाना बंदरात ‘मेन’ ही अमेरिकन युद्धनौका स्फोटात बुडाली, तेव्हा गावाच्या जागी जहाजाचं नाव घालून तीच घोषणा वर्तमानपत्रांनी गाजवली आणि स्पेनशी युद्ध जुंपलं. या वाक्यांत आठवायला सांगितलेलं नाही, सूड घ्यायला सांगितलेलं आहे. ‘लक्षात ठेव!’ असं मराठीत दात ओठ खाऊन म्हटलं जातं, तेव्हा तरी दुसरं काय असतं?

घोकून पाठ करण्यासाठी मात्र ‘रिमेंबर’ चालत नाही, हे अनेकांना उशिरा उमगतं. तिथे ‘मेमराइझ’ किंवा ‘लर्न बाय हार्ट’. पाठ झालेलं इंग्रज हृदयात ठेवतो, मराठी माणूस तोंडात, मुखात किंवा कंठात. तोंडपाठ, मुखोद्गत, कंठस्थ. पाढे आणि परवचा म्हणत वाढलेल्यांना जागा कोणाची बरोबर, हे सांगावं लागणार नाही.

*

१९३२ साली केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी आपल्या ग्रंथाला ‘मेमरी’ असं नाव दिलं नाही, ‘रिमेंबरिंग’ असं दिलं. नाम टाळून क्रियावाचक रूप घेण्यात त्यांचं अख्खं म्हणणं आलं होतं: आठवण ही कपाटात ठेवलेली वस्तू नसते, दर वेळी नव्यानं करायची कृती असते. त्यांनी अमेरिकेतल्या आदिवासींची एक लोककथा विलायती वाचकांना वाचायला दिली आणि काही काळानं सांगायला लावली. वाचकांच्या तोंडी कथेतल्या डोंग्यांच्या होड्या झाल्या, सीलच्या शिकारीची मासेमारी झाली आणि न पटलेले भाग गळून गेले. सांगणाऱ्यांपैकी कोणी खोटं बोलत नव्हतं.

पुढे एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ मध्ये दाखवलं, की एक क्रियापदही हे करू शकतं. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या दीडशे विद्यार्थ्यांना त्यांनी मोटार अपघाताची छोटी फिल्म दाखवली. पन्नास जणांना विचारलं, गाड्या एकमेकींना ‘हिट’ झाल्या तेव्हा वेग किती होता. दुसऱ्या पन्नासांच्या प्रश्नात ‘हिट’च्या जागी ‘स्मॅश’ होतं. उरलेल्या पन्नासांना वेगाबद्दल काहीच विचारलं नाही. आठवड्यानं सगळ्यांना पुन्हा बोलावलं: फुटलेली काच दिसली होती का? फिल्ममध्ये काच फुटलेली नव्हतीच. ‘हिट’वाल्यांपैकी ७ जण हो म्हणाले, वेगाबद्दल न विचारलेल्यांपैकी ६, आणि ‘स्मॅश’वाल्यांपैकी १६. इंग्रजी व्याकरणाच्या हिशेबानं या सोळा जणांना ती काच ‘रिमेंबर’ होत नव्हती. त्यांना स्वतःला मात्र होत होती.

टोरोंटोचे एन्डेल टुल्व्हिंग यांनी हा गुंता दुसऱ्या टोकानं उकलायला घेतला. १९७२ साली त्यांनी घडलेल्या प्रसंगांची स्मृती आणि नुसत्या माहितीची स्मृती वेगळी काढली. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक १६७४ साली झाला हे आपल्याला ठाऊक असतं. शाळेतली पहिली छडी आठवते. टुल्व्हिंग यांच्या अभ्यासातला के. सी. या आद्याक्षरांनी प्रसिद्ध असलेला रुग्ण १९८१ मध्ये मोटारसायकलवरून पडला आणि मेंदूला जबर मार बसला. तो बोलत होता, वाचत होता. आपल्या कुटुंबाचं गावाबाहेर एक उन्हाळी घर आहे हे त्याला ठाऊक होतं आणि ते नकाशावर दाखवताही येत होतं. तिथे घालवलेला एकही दिवस मात्र त्याला आठवत नव्हता. उद्या काय करणार, असं विचारलं की तिथेही त्याला कोरं दिसे. त्याच्याकडे ‘नो’ होतं, ‘रिमेंबर’ नव्हतं.

१९८५ मध्ये टुल्व्हिंग यांनी हेच दोन शब्द प्रयोगात आणले. यादीतला शब्द ओळखीचा वाटला तर तो वाचल्याचा क्षण मनात उभा राहतो की नुसतं ठाऊक आहे, हे लोकांनी ‘रिमेंबर’ किंवा ‘नो’ असं सांगायचं. ही पद्धत शेकडो प्रयोगांत वापरली गेली. इथे एक योगायोग नोंदवावासा वाटतो. ‘रिमेंबर टु’ची मेख पकडणारे कार्टुनेन फिनलंडचे आणि ‘रिमेंबर’ला प्रयोगशाळेत नेणारे टुल्व्हिंग एस्टोनियाचे. दोघांच्याही मातृभाषा एकमेकींच्या बहिणी, आणि दोन्ही इंडो-युरोपीय कुळाबाहेरच्या. इंग्रजी ज्यांना अंगणात बागडता बागडता आली नाही, त्यांनाच तिच्या या शब्दातल्या फटी नेमक्या दिसल्या असाव्यात.

पण पद्धत जुनी होत गेली तशी एक अडचण उघडी पडली. प्रयोगात भाग घेणारी मुलं ‘रिमेंबर’ हा शब्द टुल्व्हिंग यांच्या अर्थानं वापरतच नव्हती. बोलीभाषेत ‘रिमेंबर’ म्हणजे खात्री, आणि ‘नो’ म्हणजे तर त्याहून पक्की खात्री. ‘आय जस्ट नो’ असं छातीठोकपणे म्हणणाऱ्याला ‘नो’ हा कमी प्रतीचा पर्याय वाटणार कसा? सूचना दोन-दोन पानी झाल्या, उदाहरणं वाढली, तरी पोरं आपल्या सवयीनंच बोलत राहिली. २००९ साली डेव्हिड मॅकेब आणि लिसा गेरासी यांनी दोन्ही शब्द बाजूला ठेवून पाहिले. सूचनेत अर्थ तोच समजावला, नावं मात्र ‘अ प्रकार’ आणि ‘ब प्रकार’ अशी कोरडी दिली. न पाहिलेले शब्द पाहिल्याचं स्पष्ट आठवतं असं सांगणाऱ्यांचं प्रमाण त्यानंतर खाली आलं.